सांगली-सातारा पुढारलेले, ते कुणाच्या हिशेबाने?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याराज्यांच्या कामगिरीवर एक अभ्यास काढला होता. १९६०-६१ ते २०२३-२४ या काळात देशाच्या उत्पन्नात कुठल्या राज्याचा वाटा किती आणि तिथलं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या किती टक्के, एवढंच त्यात मोजलंय. मी उशिरा वाचला, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पश्चिम बंगाल १९६०-६१ ला देशाच्या उत्पन्नात साडेदहा टक्के होता, आता ५.६. तिथलं दरडोई उत्पन्न सरासरीच्या १२७.५ टक्के होतं, आता ८३.७. पंजाब हरितक्रांतीच्या जोरावर १९७१ च्या सुमारास १६९ टक्क्यांपर्यंत चढला आणि आज १०६.७ वर येऊन बसलाय. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू ही मंडळी १९९१ पर्यंत फार काही दाखवत नव्हती, आज दक्षिणेतली पाच राज्यं मिळून देशाचा ३० टक्के हिस्सा उचलतात. महाराष्ट्र जवळजवळ सगळा काळ पहिल्या नंबरावर. वाटा पंधराच्या वरून १३.३ वर आला, तरीही पहिलाच.

हे वाचून आपल्याकडचा माणूस मिशीला पीळ देतो. महाराष्ट्र पुढे, त्यात पश्चिम महाराष्ट्र पुढे, त्यात आपण म्हणजे काय बोलायलाच नको. मला इथेच शंका आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांचा जुना नकाशा डोळ्यासमोर आणा. (१९४९ पर्यंत एकच सातारा जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा काढला, १९६० ला त्याचं सांगली झालं.) इथे उद्योग कुठे उगवले? लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळ दिला आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर तिथून सुरू झाले. ओगल्यांची काच आणि प्रभाकर कंदील कराडजवळ ओगलेवाडीला. धनजीशा कूपर यांचा नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं सातारा रोडला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान (म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते, हे किती जणांना आठवतं?

आता या तिन्ही जागांत समान काय ते बघा. किर्लोस्करवाडी म्हणजे तेव्हाचं कुंडल रोड स्टेशन. ओगलेवाडी म्हणजे कराडचं स्टेशन. सातारा रोड तर नावातच आलं. पुणे-मिरज मीटरगेज जिथून गेली तिथे कारखाना. माती, माणसांची जिद्द, शिवरायांचा वारसा वगैरे आपण भाषणात सांगतो, ते सगळं रुळापासून लांबच्या दहिवडीतही होतंच की.

आणि पुढे काय झालं? किर्लोस्करांचा विस्तार झाला तो १९४० च्या दशकात हरिहर, बंगळूर आणि पुण्याला. वाडी राहिली, पंप अजून बनतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची गुंतवणूक बाहेर गेली. ओगल्यांची काच बंद. साताऱ्यात बनणारी प्रिया स्कूटर बंद. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ ला आयडीबीआयमध्ये गेली, १९१६ पासूनची सांगली बँक २००७ ला आयसीआयसीआयमध्ये. वर्षभराच्या आत दोन्ही जिल्ह्यांच्या गावातली, इथल्या माणसाला तोंडओळखीवर कर्ज देणारी मुख्य कचेरी संपली. याला कुणी मोर्चा काढलेला आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच: प्रदेश श्रीमंत होतो तो पहिल्या कारखान्यामुळे नाही. पहिल्या कारखान्यातून निघालेला पैसा पुढे कुठे लागतो, त्यावर ठरतं. बंगालचं हेच झालं आणि आपलंही, फक्त लहान प्रमाणावर. पुण्याच्या सावलीत असल्यामुळे ते आकड्यात दिसत नाही.

---

हळदबाजार

वाचनीय धागा. पण कारखाना म्हणजेच विकास हे धरून चाललाय तुम्ही.

सांगलीत हळदीचा सौदा बघा. आज हळद पिकते हिंगोली-नांदेडला, तेलंगणात, कर्नाटकात. सांगली जिल्हा आता त्यात पहिल्या नंबरावर नाही. तरी माल येतो सांगलीला. का? हरिपूरच्या पेवांमुळे (जमिनीखालच्या कोठारांमुळे) आधी साठवण होती, साठवणीमुळे व्यापारी, व्यापाऱ्यांमुळे अडत, अडतीमुळे पॉलिशवाले, पावडरवाले, हुंडी वटवणारे. २००५ च्या महापुरात पेवं गेली, शीतगृहं आली, बाजार जागेवर. २०१८ ला भौगोलिक मानांकनही मिळालं. पीक सरकलं पण बाजार सरकला नाही, याला कुठल्या रुळाचा आधार होता सांगा.

तासगावचा बेदाणा तसाच.

कृष्णाकाठचा

हळदबाजार दादा, मान्य, आणि हे माझ्या मुद्द्याच्या बाजूनेच जातं. व्यापारातला नफा इथेच फिरत राहिला म्हणून बाजार टिकला. पण आता हिंगोलीतल्या वसमतला स्वतःची बाजारपेठ आहे, २०२४ ला त्यांच्या हळदीलाही मानांकन मिळालंय. पुढची वीस वर्षं काय होतं ते बघायचं.

---

म्हसवडकर

सगळं वाचलं. लई भारी लिवलंय, पर दहिवडीचं नाव एका वाक्यात उरकलं राव.

'पुढारलेला जिल्हा' या शब्दानं आमचं जेवढं वाटोळं झालं तेवढं दुष्काळानंबी केलं न्हाई. महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आमच्यात पाचशे झाला तरी पेढे वाटायचे. दोन्ही सातारा जिल्हाच. सरासरी काढा, मजेत आहे जिल्हा!

वि. म. दांडेकरांची समिती बसली, १९८४ ला अहवाल आला. राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा, त्याची तूट म्हंजे अनुशेष. सगळ्या राज्याचा मिळून ३,१८६ कोटी काढला. एकक कुठलं धरलं? जिल्हा. मग कराड-वाळव्याच्या उसानं माण, खटाव, जत, आटपाडी झाकून टाकली. १९९४ ला वैधानिक मंडळं झाली, एक विदर्भाला, एक मराठवाड्याला आणि आम्ही 'उर्वरित महाराष्ट्रात'. पुणं बी त्यातच, म्हसवड बी त्यातच. आता बोला.

विदर्भावर अन्याय झाला न्हाई असं मी म्हणत न्हाई. झालाच. पर तिथला शेतकरी निदान अनुशेष म्हणून भांडू तरी शकतो. आमाला 'तुमी पश्चिम महाराष्ट्राचं, तुमचंच मुख्यमंत्री' असं ऐकून गप बसावं लागतं.

आणि राजेवाडीचा तलाव. दुष्काळी काम म्हणून ब्रिटिशांनी आमच्या हद्दीत बांधला, भिजतं आटपाडी-सांगोल्याचं रान. तवापासनं शिकलोय की पाणी कुठं साठतं यापेक्षा कुठं उतरतं ते बघायचं.

विजया_मिरज

म्हसवडकर +१. केळकर समितीने (२०११ ला नेमली, २०१३ ला अहवाल) तालुका पातळीवर बघायचा प्रयत्न केला होता. त्यावर चर्चा भरपूर झाली, अंमल मात्र दिसला नाही.

---

अर्थातच

थोडं पुस्तकी बोलू का? चालेल ना?

या विषयात दोन जुनी घराणी आहेत. एक म्हणतं, मागे असलेला प्रदेश वेगाने वाढतो आणि दरी आपोआप मिटते. बॅरो आणि साला-इ-मार्टिन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, जपान, युरोप तपासून दरी वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी मिटते असं काढलं. हिशेब केला तर निम्मी दरी मिटायला पस्तीस वर्षं. म्हणजे एक अख्खी पिढी गेली आणि अजून निम्मं बाकीच. तेही एकाच देशात, एकच चलन, एकच कायदा असताना.

दुसरं घराणं गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थतज्ज्ञाचं. त्याचं म्हणणं, जिथे आहे तिथेच अजून जातं. शिकलेली पोरं, बचत, दुकानं, दवाखाने सगळं पुढारलेल्या भागाकडे ओढलं जातं. उलट दिशेला थोडं काही झिरपतं, पण ओढ मोठी. १९६५ मध्ये विल्यमसनने या दोघांत तोड काढली: आधी दरी वाढते, देश पुरेसा श्रीमंत झाला की कमी होते.

भारतात १९९१ नंतर राज्याराज्यांतली दरी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. धाग्यातल्याच अभ्यासात बिहारचं दरडोई उत्पन्न सरासरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. पण ओडिशा बघा, एके काळी सरासरीच्या निम्म्याच्या जरा वर होता, आता ८८.५ टक्के. म्हणजे कपाळावर लिहिलेलं असं काही नसतं.

धोरणानेही खेळ फिरतो. स्वातंत्र्यानंतर पोलाद देशभर एकाच भावाने मिळेल अशी भाडे-समानीकरणाची सोय केली आणि ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. झारखंडचं लोखंड पुण्या-मुंबईत त्याच भावाने पडणार असेल तर कारखाना तिकडे खाणीपाशी कोण काढेल? बंगाल-बिहारचं जे गेलं त्यातलं काही आपल्याकडे आलं, हे आपण सोयीस्कर विसरतो. पिंपरी-चिंचवडच्या यशात तो छुपा वाटा आहेच. किती, यावर वाद होऊ शकतो.

म्हसवडकर

अर्थातच साहेब, ते पस्तीस वर्षांचं पटलं. माझा आजा बी हेच म्हणायचा, फकस्त त्याला त्यासाठी अमेरिका तपासावी लागली न्हाई.

---

गलाईवाला

नमस्कार मंडळी. मूळ गाव विट्याजवळ, सध्या कोइमतूर. सोनं-चांदी गाळायचा धंदा, वडिलांपासून.

तुमच्या सगळ्या आकड्यांत आम्ही कुठे बसतो ते मला कळत नाही. खानापूर-आटपाडीतली, खटाव-माणातली माणसं आज देशात जिथे सराफ बाजार आहे तिथे आहेत. पाऊस नाही, पाणी नाही, म्हणून निघाली. माझं उत्पन्न तमिळनाडूच्या खात्यात मोजतात. त्यातून गावात घर बांधलं, देवळाला दिलं, डाळिंबाला ठिबक घातलं, ते आटपाडीच्या खात्यात. तालुका मागास म्हणून नोंदवलेला आणि यात्रेला गाड्यांची रांग बघा एकदा.

साताऱ्याकडचंही असंच. पाटण-जावळीची माणसं मुंबईत माथाडी झाली, गिरणीत लागली. मनीऑर्डरवर गावं चालली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा परळमध्ये नाही, खेड्यातल्या चुलीत आग विझली. म्हणजे मुंबईची मंदी साताऱ्याच्या डोंगरात आली, पण मुंबईची तेजी तेवढी आली का?

कोयनाकाठ

गलाईवाला, शेवटच्या ओळीला सलाम.

पाटणकडचा आहे म्हणून लिहितो. आमच्या खोऱ्यातलं कोयना धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी). त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी पश्चिमेला कोकणात सोडून वीज करायची. १,९६० मेगावॅटचा प्रकल्प. त्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने फिरले, राज्य पहिल्या नंबरावर राहिलं. आमच्यातली उठवलेली गावं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, रत्नागिरी अशी विखुरली. साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनं चालू. वरनं १९६७ चा भूकंप.

एका प्रदेशाची वाढ दुसऱ्याच्या हिशेबात खर्ची पडते, ते तुमच्या दरडोईत कुठल्या रकान्यात येतं?

---

निवृत्त_उपसा

मी पाटबंधारे खात्यात होतो, आता घरी. थोडी माहिती देतो, राजकारण नको.

कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ ला कृष्णेतलं ५६० टीएमसी महाराष्ट्राला दिलं. २००० सालच्या मे अखेरपर्यंत ते अडवून वापरात आणायचं अशी टांगती तलवार होती. म्हणून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, लोकांकडून रोखे घेऊन पैसा उभा केला आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांना वेग आला. टेंभूचं पाणी कराडच्या खालून उचलतात, टप्प्याटप्प्याने चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, थेट सांगोल्यापर्यंत.

याचा खर्च कुणी विचारत नाही. पाणी तेवढं उंच चढवायला वीज लागते. बिल थकलं की पंप बंद, उभं पीक वाळायचं. अखेर ८१ टक्के शासन आणि १९ टक्के शेतकरी असं ठरलं तेव्हा योजना जरा सुरळीत चालू लागल्या. गंमत म्हणजे पाणी मुख्यतः कोयनेतलं. डोंगरावरून एकीकडे ते खाली सोडून वीज करतो आणि दुसरीकडे वीज जाळून त्याच धरणातलं पाणी वर चढवतो.

जतच्या पूर्वेला पाणी पोचायला फार उशीर झाला. तिथल्या गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले होते, २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी ते उकरून काढले आणि मगच विस्तारित म्हैसाळची फाइल पळाली. प्रादेशिक विषमता मोजायचं हे एक माप: माणसं राज्य बदलायला तयार होतात का.

विजया_मिरज

पाण्याचं गुणगान चाललंय म्हणून दुसरी बाजू. माझं माहेर वाळव्यात. नदीकाठच्या जमिनी क्षारपड झाल्यात. वर्षानुवर्षं पाट पाणी, ऊस, खत, निचरा शून्य. मिरज, पलूस, पलीकडे शिरोळ, सगळीकडे पांढरा थर दिसतो. ज्या रानात एकरी ऐंशी टन निघायचा तिथे आता लव्हाळा. सच्छिद्र पाइप घालून जमीन सुधारते, पण खर्च एकट्याला झेपत नाही, गाव मिळून करावं लागतं.

साखर कारखान्यांचंही तसंच. पन्नास-साठच्या दशकात वसंतदादांच्या पिढीने सहकार उभा केला तेव्हा खरंच नफा गावात राहिला. शाळा, कॉलेजं, दूध संघ त्यातून निघाले. आज त्यातले कितीतरी कर्जात आहेत, काही खासगी कंपन्यांना भाड्याने दिलेत. पंजाबचा आलेख धागाकर्त्यांनी दिलाय ना, तो मला आमच्या तालुक्याचा वाटला. गहू-तांदळाच्या जागी ऊस ठेवा. एका पिकावर चढलं, आधी सगळ्यांच्या पुढे गेलं आणि तिथेच थांबलं.

उलट तासगाव-कवठेमहांकाळच्या दुष्काळी माळावर थॉमसन द्राक्षाच्या वेलीतून निवडून तास-ए-गणेश ही नवी जात काढणारा माणूस बघा. पाणी कमी म्हणून डोकं चाललं.

हळदबाजार

ताई, दुष्काळ चांगला असं म्हणायचंय का? :)

विजया_मिरज

नाही हो. टँकरच्या पाण्यावर बाग जगवणाऱ्याच्या बायकोला विचारा दुष्काळ चांगला का. म्हणायचं एवढंच की सोपं पाणी मिळालेला भाग दुसरं काही शोधायच्या फंदात पडला नाही.

---

मूकवाचक

वाचतोय. शिरवळ-खंडाळ्याबद्दल कुणीच बोललं नाही. एके काळी पावसाची वाट बघणारा तालुका, आता महामार्गावर कारखानेच कारखाने.

कृष्णाकाठचा

बरोबर, ते राहिलं. खंडाळा हे पुण्याचं सांडलेलं पाणी. जिथवर पुण्याहून सकाळी निघून शिफ्ट गाठता येते तिथवर उद्योग येतो. रूळ गेले, महामार्ग आला. सातारा, कराड त्यावर राहिले, सांगली शहर बाजूला पडलं. शंभर वर्षांपूर्वी मिरज जंक्शनमुळे आपण वरचढ होतो, आता तोच हिशेब उलटा.

गलाईवाला आणि कोयनाकाठ यांनी जे लिहिलं त्यावर. दरडोई उत्पन्न ठिकाणाचं मोजतात, माणसाचं नाही. त्यामुळे माणूस उठून गेला की त्याची कमाई जिथे गेला तिथली होते, आणि गावाकडे म्हातारी माणसं, पेन्शनी आणि मनीऑर्डर उरते. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या फौजेतला पगार आणि पेन्शन येते, तो काय साताऱ्यातल्या उद्योगाने कमावला? म्हणून मला आता जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा दोन गोष्टी जास्त खऱ्या वाटतात. एक, तालुक्यात वीस ते तीस वयाची किती पोरं राहिलीत. दुसरी, तालुक्यातल्या बँकांत ठेवी किती आणि त्यातलं तिथेच कर्ज म्हणून किती दिलं. ठेव इथली आणि कर्ज हिंजवडीतल्या फ्लॅटला, असं असेल तर मिर्दाल जिंकला.

अर्थातच

ठेवी आणि कर्जाचं प्रमाण रिझर्व्ह बँक जिल्हानिहाय देते. पुन्हा जिल्हाच!

म्हसवडकर

घ्या. मी काय म्हणत हुतो?

आता एक सवाल निवृत्त साहेबांना. उरमोडीचं, जिहे-कठापूरचं पाणी आमच्यात येऊ लागलंय. लोकं खूश हायत, मी बी हाय. पर आल्या आल्या काय लावलं? ऊस. आमच्या माणदेशात आता कारखान्याचं धुराडं दिसतं. म्हंजे ताईंनी वाळव्याचं जे सांगितलं ते आमी पन्नास वर्षांनी पुन्यांदा करणार. ह्याला काय औषध?

निवृत्त_उपसा

म्हसवडकर, औषध माहीत आहे, प्यायला कुणी तयार नाही. पाणी पाटाने न सोडता बंदिस्त नळातून न्यायचं, घनमीटरवर मोजायचं आणि प्रत्येक घराला जमिनीवर नाही तर माणशी वाटा द्यायचा. समन्यायी पाणीवाटपासाठी आटपाडी भागात लोक कित्येक वर्षं परिषदा भरवत आले. येरळेवर तांदूळवाडीला बळीराजा धरण लोकांनीच उभं केलं तेव्हा भूमिहीनालाही पाण्यात वाटा आणि त्या पाण्यावर ऊस नाही, असं ठरवलं होतं. नळ टाकायचं काम टेंभूवर काही भागात सुरू आहे. वाट्याचं मात्र कागदावर.

ऊस लोक हौसेने लावत नाहीत. द्राक्षाला एक गारपीट पुरते, डाळिंबाला तेल्या रोग. उसाला भाव ठरलेला आणि तोड घरी येते. दुसऱ्या पिकाला तेवढी हमी द्या, मग बघा.

गलाईवाला

डाळिंबाला तेल्या आला त्या वर्षी माझ्या चुलतभावाने बाग काढून ऊसच लावला. मी कोइमतुरातून फोनवर ओरडलो. तो म्हणाला, तू ये, तू कर. त्यावर काय बोलणार.